बिशपसाहेबांच्या वेळेचं घड्याळ

माझ्या भावाच्या जयेंद्रगंजातल्या घरी स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक ग्वाल्हेरच्या वेळेचं. दुसरं एका अशा गावाच्या वेळेचं, जिथे आमच्या घरातलं आज कोणी राहत नाही आणि जिथे आता फोनही लागत नाही. घरात नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "हे घड्याळ चुकलंय का हो?" वहिनी चहा गाळता गाळता "नाही" म्हणते आणि साखर किती घालू ते विचारते.

ते घड्याळ ज्यांच्या वेळेचं आहे, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. ते लुथरन बिशप होते. होते म्हणावं की आहेत, हे मला ठाऊक नाही, आणि या प्रश्नाला मी बरेच दिवस बगल देत आले आहे. त्यांचं नाव मी सांगणार नाही, गावाचंही नाही. देश कोणता, ते रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. नाव का नाही, ते पुढे येईलच. मी त्यांना समोरासमोर कधीही भेटले नाही. जे काही पाहिलं ते तळहाताएवढ्या फोनच्या काचेत. तरीपण ज्यांच्या पायांवर मनापासून डोकं ठेवावं अशी जी थोडी माणसं मला आयुष्यात लाभली, त्यांत ते आहेत.

माझी भाची मधुरा डॉक्टर व्हायला त्या देशात गेली. इथल्या परीक्षेत तिचं थोडक्यात हुकलं होतं, आणि आमच्या भागातली बरीच मुलं त्या वाटेने जात होतीच. पहिलं वर्ष हॉस्टेलमध्ये काढलं. दुसऱ्या वर्षी तिने सांगितलं की इंदूरची एक आणि केरळची एक अशा दोन मैत्रिणींबरोबर तिने खोली घेतली आहे, चर्चच्या मागच्या अंगणात, एका निवृत्त बिशपांच्या घरी. वहिनीच्या तव्यावरची पोळी त्या दिवशी काळी ठिक्कर पडली.

"पाद्र्याच्या घरी?" दादा कडाडला. दादा वकील आहे आणि त्याचा आवाज कोर्टाला पुरून उरेल एवढा आहे. "वर्षभरात नाव बदलून येईल पोरगी! मग चार लोकांत आपण काय सांगायचं?" आमचे पूर्वज दख्खनमधून इथल्या दरबारात पुरोहित म्हणून आले, हे दादाला अशा वेळी बरोबर आठवतं. एरवी गणपतीची आरतीसुद्धा त्याला फोनमध्ये बघून म्हणावी लागते.

मग पुढच्या रविवारी मधुराने व्हिडिओ कॉलवर त्यांची ओळख करून दिली. मी दर रविवारी शहरातल्याच थाटीपूरहून भावाकडे जेवायला येते, त्यामुळे ही भेट मला पहिल्या रांगेत बसून बघायला मिळाली. उंच, हाडकुळा माणूस. थंडीने लाल झालेलं नाक, गळ्याशी पांढरी पट्टी असलेला काळा सदरा, त्यावर कोपरांना स्वतःच्या हाताने ठिगळं लावलेला स्वेटर. डोक्यावर विणलेली टोपी. वहिनी पडद्यावर दिसताच त्यांनी ती टोपी काढली आणि छातीशी धरली, ती फोन संपेपर्यंत.

"त्यांना म्हणावं टोपी घाला, सर्दी होऊन जाईल," वहिनी म्हणाली.

"आई, मी बोलले ना त्यांना. ते म्हणतात लेडीजच्या समोर टोपी नाही घालत. पुराने ज़माने के हैं, क्या करूँ?"

दादाने कोर्टातल्या इंग्रजीत सरळ मुद्द्याला हात घातला. मुलीच्या धर्माचं काय? बिशपसाहेब फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथलं एक लहानसं पातेलं उचलून त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, हे तुमच्या मुलीचं. यात मांस शिजत नाही. मीही याला हात लावण्याआधी तिला विचारतो. माझी बायको होती तेव्हा तिच्या भांड्यांनाही मी विचारूनच हात लावत असे.

"लग्न झालेलं होतं यांचं?" वहिनीने मला हळूच विचारलं. मी भूगोलाची शिक्षिका, पण एवढं मला माहीत होतं. लुथरन हा प्रोटेस्टंटांमधला जुना पंथ, आणि त्यांचे पाद्री, बिशप संसारी असतात. भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो होता. तिला जाऊन काही वर्षं झाली होती. वहिनीने फोटोला तिथल्या तिथे नमस्कार केला, आणि तिच्या मनातली निम्मी भीती त्या दिवशी गेली.

उरलेली निम्मी साबुदाण्याने घालवली. मधुराला चतुर्थीचा उपास असतो. हे कळल्यावर बिशपसाहेबांनी ठरवलं की त्या दिवशी खिचडी आपण करायची. आदल्या दिवशी साबुदाणा कसा भिजवायचा ते वहिनी इथून फोनवर सांगत होती, मधुरा भाषांतर करत होती. "हळूहळू पाणी घाला म्हणावं, हळूहळू." त्यांना तो शब्द इतका आवडला की त्याचा अर्थ कळेपर्यंत त्यांनी सगळं पाणी ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी जे काही तयार झालं त्याने पुस्तकं चिकटवता आली असती. ते त्यांनी एकट्याने सगळं संपवलं आणि सांगितलं की उत्तम पदार्थ आहे, याला दात लागत नाहीत. तेव्हापासून 'हळूहळू' हा त्यांचा शब्द झाला. मधुरा परीक्षेला घाबरली की हळूहळू. दादा राजकारणावर तापला की हळूहळू. उच्चार मात्र असा, की वाटावं कोणीतरी गार पाण्यात पाय घालतंय.

त्यांची एक सवय आमच्या घरात कायमची शिरली. निवृत्त झाले तरी चर्चची दुपारी बाराची घंटा ते स्वतः वाजवत. अंगण ओलांडायचं, टोपी काढून दाराच्या खिळ्याला अडकवायची आणि मग दोराला हात घालायचा. मधुरा रविवारी खिडकीतून फोन बाहेर धरायची आणि ती घंटा जयेंद्रगंजात ऐकू यायची. वहिनीने तेवढ्यासाठी दुसरं घड्याळ आणून भिंतीवर लावलं, आणि घंटा झाली की चहाचं आधण ठेवायचं, असा आमच्याकडे नेमच पडला. त्या देशात हिवाळा लागला की घड्याळ तासभर मागे करतात, उन्हाळ्यात पुढे. मी वर्गात मुलांना वेळेचे पट्टे शिकवत आले, पण वर्षातून दोनदा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ फिरवणारी बाई पाहिली ती माझ्या भावाच्याच घरी. हिवाळ्यात त्यांची दुपार आमच्या साडेतीनला यायची, ते ठीक होतं. उन्हाळ्यात ती अडीचला यायची, आणि दादाची झोप मोडायची.

"एका पाद्र्याच्या घंटेवर मी चहा प्यायचा?" तो डोळे चोळत कुरकुरायचा, आणि प्यायचा.

वहिनीला आणखी एक खोड होती. तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात ती दाल बाजारातून आणलेली मुगाची डाळ बांधायची. मधुरा वैतागायची, "आई, इथे गोदाम उघडायचं आहे का मला? आधीची डाळ तशीच्या तशी पडली आहे." बिशपसाहेबांनी त्या पिशव्या तळघरात नीट रचून ठेवल्या होत्या. मुलीच्या आईने पाठवलेलं टाकून द्यायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग लढाई आली.

इतर शहरांतली मुलं बसमध्ये बसून सीमेकडे निघालेली आम्ही टीव्हीवर पाहत होतो. मधुराच्या गावाबाहेरचा पूल पडला होता. थोड्याच दिवसांत तिथल्या नगरपालिकेवर दुसऱ्याचा झेंडा लागला. बिशपसाहेबांच्या जागी आलेला तरुण बिशप लढाईच्या पलीकडच्या बाजूला अडकला, म्हणून हे पुन्हा कामाला लागले. तळघरात तिन्ही मुली आणि चर्चच्या मंडळीतल्या काही म्हाताऱ्या बायका राहू लागल्या. दुकानं रिकामी झाली, तेव्हा त्या सगळ्यांना दाल बाजारच्या डाळीने जगवलं. लाल दोऱ्याच्या पातेल्यात रोज मुगाची खिचडी शिजायची आणि त्या म्हाताऱ्या ती ब्रेडबरोबर खायच्या. बिशपसाहेबांनी वहिनीला निरोप पाठवला की तुम्हाला हे सगळं आधीच कसं ठाऊक होतं? वहिनी त्यावर पहिल्यांदा रडली.

फोनवर जास्त बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. कोण ऐकत असेल सांगता येत नव्हतं. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. दुपारी मधुरा फोन लावेल, खिडकीत धरेल. घंटा ऐकू आली की सगळे सुखरूप आहेत असं समजायचं. त्या दिवसांत मी थाटीपूरचं घर बंद करून भावाकडेच येऊन राहिले होते. रोज आम्ही तिघं त्या घड्याळाखाली उभे असायचो. घंटा झाली की वहिनी आधण ठेवायला वळायची. दादाने एकदाही दुपारच्या झोपेचं नाव काढलं नाही.

एकदा शिपाई घराची झडती घ्यायला आले. हे मधुराने नंतर सांगितलं. बिशपसाहेब दारात उभे राहिले आणि शिपायांच्या पायांकडे बोट दाखवून एवढंच म्हणाले, "बूट." त्या भागात घरात बूट घालून जात नाहीत, आणि शिपायांची भाषाही यांना येत होती. ती पोरं गोंधळली. बंदुका भिंतीला टेकवून खरंच बूट काढायला बसली. मग मोज्यांवर, थोडी वरमून, घरात फिरली. तळघरात मुली दिसल्या तेव्हा कोण म्हणून विचारलं. "घरच्या," बिशपसाहेब म्हणाले. मोजे फाटलेल्या एका शिपायाला त्यांनी जाताना स्वतःच्या मोज्यांचा जोड दिला. मधुराला बिशपसाहेबांचा राग आला होता; त्यांना ती आजोबा म्हणायची आणि चिडली की हिंदीतच बोलायची, तेवढी त्यांना समजायची. "आजोबा, ये लोग दुश्मन हैं," असं ती म्हणाली होती. त्यांनी उत्तर दिलं की त्या शिपायाच्या आईला हे माहीत आहे, पण तिला आत्ता त्याचे पाय थंड असल्याची काळजी असेल.

मग एका दुपारी घंटा वाजलीच नाही. फोनही लागेना. ती दुपार मला लिहिता येत नाही. संध्याकाळी मधुराचा फोन आला तो शेवटच्या नाक्याच्या पलीकडून, मोकळ्या भागातून. वाट उघडल्याची खात्री होताच त्यांनी पहाटे तिघींना आपल्या जुनाट मोटारीत बसवलं, टपाला पांढरी चादर बांधली आणि निघाले. प्रत्येक नाक्यावर टोपी काढायची, काच खाली करायची, आणि मुलींना घरी सोडतोय म्हणायचं. शेवटच्या नाक्यावर मधुराने त्यांचा हात धरून ठेवला. तुम्हीही चला म्हणाली. ते म्हणाले, तळघरात इतक्या बायका आहेत, आणि उद्या घंटा कोण वाजवणार? मग डिकीतून लाल दोऱ्याचं पातेलं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. आमचा रविवारचा चहा आता त्यातच होतो.

मधुरा घरी पोहोचली तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. हार, पेढे, फोन उंचावून उभे राहिलेले बातमीदार. आणि आमच्याकडे उपकार मानायचे म्हणजे ते खणखणीत आवाजात, चारचौघांत मानायचे, ही रीतच आहे. शाल, नारळ, फोटो झाल्याशिवाय कृतज्ञता पोहोचली असं कोणाला वाटत नाही. दादाने आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज लावला. बिशपसाहेबांचं पूर्ण नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, फोनमधला फोटो कॅमेऱ्यांसमोर धरला. "फौजेच्या नाकावर टिच्चून त्या महात्म्याने माझ्या मुलीला तळघरात ठेवलं! त्यांचा ग्वाल्हेरमध्ये जाहीर सत्कार झाला पाहिजे!"

मधुरा त्याची बाही ओढत होती. "बाबा, नाव नका घेऊ ना. बाबा, प्लीज, चुप हो जाओ."

पोरगी लाजते आहे, असं दादाला वाटलं. टाळ्या पडल्या. ते सगळं फोनाफोनी करत कुठल्या कुठे पोहोचलं.

थोड्या दिवसांनी घंटा थांबली. बिशपसाहेबच आता दुपारी फोन लावून खिडकीत ठेवत असत, तो येईनासा झाला. मधुराने खटपट करून तळघरातल्या एका बाईंशी संपर्क साधला. त्या म्हणाल्या, त्यांना चौकशीला नेलं आहे. नेणाऱ्यांच्या हातात हार घातलेल्या दादाचा फोटो होता.

माझ्या भावाला मी लहानपणापासून ओळखते. त्याचा आवाज गेलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "अगं, मी माझ्या तोंडाने हे केलं," एवढंच म्हणाला. वहिनी त्याला एका शब्दाने बोलली नाही, पण घरात दुपारचा चहा बंद झाला. दादा मग घराबाहेर पडला. ज्यांनी ज्यांनी ती बातमी, तो व्हिडिओ पुढे पाठवला होता, त्या प्रत्येकाच्या दारात गेला. एरवी न्यायाधीशासमोरही मान न वाकवणारा माणूस, पण पोरासोरांपुढे हात जोडून म्हणायचा, "बेटा, ये हटा दो. किसी की जान का सवाल है." काहींनी काढलं, काहींनी हसून उडवून लावलं. तो पुन्हा जायचा.

आणि एका रविवारी फोन वाजला. बिशपसाहेब होते. चेहरा ओढलेला, एका डोळ्याखाली पिवळट डाग. वहिनीला बघून त्यांनी टोपी काढली, तेव्हा केस कापून टाकलेले दिसले. दादा फोनसमोर आला, त्याने हात जोडले आणि त्याला रडूच फुटलं. कोर्टातलं इंग्रजी कुठच्या कुठे गेलं. "माफ करा, माफ करा," असं मराठीतच म्हणत राहिला.

बिशपसाहेबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, त्यांनी मला तुमचा फोटो दाखवला. त्यात तुम्ही फार जाड दिसता. पुढे म्हणाले, तुम्ही साऱ्या जगाला सांगितलंत की मी चांगला माणूस आहे. आता या वयात मला तसं वागत राहावं लागेल, हा त्रास मात्र तुम्ही दिलात. आणि शेवटी आमचाच शब्द आम्हाला परत दिला, "हळूहळू." मग वहिनीला विचारलं, माझं घड्याळ चालू आहे ना? त्या दिवशी चहा झाला.

हिवाळा आला. दरवर्षी तिकडे घड्याळ मागे करायची वेळ झाली की ते फोन करून वहिनीला आठवण करून देत. त्या वर्षी नव्या राज्यकर्त्यांचा हुकूम निघाला होता की आता इथे आमच्या राजधानीची वेळ चालेल, कोणी घड्याळ मागे करायचं नाही. गावाने निमूटपणे ऐकलं. बिशपसाहेबांचा फोन आला, "मामा, स्टूल घ्या." त्या भागात आईला मामा म्हणतात, आणि वहिनीला ते तसंच हाक मारायचे.

"अहो, पण तिकडे तर मनाई आहे ना?" वहिनीने विचारलं. मधुराने भाषांतर केलं आणि वर स्वतःचंही घातलं, "आजोबा, ज़िद मत करो. एक घंटे से क्या फ़र्क़ पड़ता है?"

ते म्हणाले, त्या लोकांचं मला दोनदा बजावून झालं. मी सांगितलं की माझी घंटा म्हातारी आहे, तिला नवीन वेळ समजत नाही. मग हसणं थांबवून म्हणाले की तळघरातल्या बायकांची घरं गेली, मुलं पलीकडे राहिली. दुपारच्या घंटेला पलीकडची मुलं आणि या एकाच वेळी प्रार्थना म्हणतात. तेवढी एक वेळ त्यांच्याकडे शिल्लक आहे, ती मी कशी देऊन टाकू?

वहिनी स्टुलावर चढली. या वेळी स्टूल धरायला दादा पुढे आला.

त्यानंतर मोजके रविवार मिळाले. शेवटच्या रविवारी त्यांनी फोन खिडकीत टेकवून ठेवला, अंगण पूर्ण दिसेल असा. तिकडे बर्फ पडला होता. ते पायात घरच्याच सपाता घालून बाहेर पडले. वहिनी इकडे ओरडली, "अहो, बूट तर घाला!" ते त्यांना ऐकू जाणार नव्हतं. पाठमोरे, सावकाश, सपाता ओढत ते अंगण ओलांडून गेले. दारापाशी टोपी काढली, खिळ्याला अडकवली. दोराला हात घातला. घंटेचे काही ठोके आले, मग चित्र थांबलं. खिळ्यावरची टोपी आणि वर गेलेले त्यांचे दोन हात, एवढंच बराच वेळ काचेवर राहिलं. तोवर दादाने आधण ठेवलं होतं.

त्यानंतर फोन लागलेला नाही. मधुराने खूप शोध घेतला. कोणी म्हणतं त्यांना दूर कुठेतरी नेलं, कोणी म्हणतं घंटा अजून वाजते, फक्त तारा तोडल्या आहेत. आम्ही दुसरं खरं मानायचं ठरवलं आहे. त्यांचे उपकार फार मोठे आहेत आणि ते मानायची आम्हाला सोय नाही. म्हणून मी इथे नाव दिलेलं नाही. भाचीचंही नाव वेगळं लिहिलं आहे, आणि आणखी काही गोष्टी मुद्दाम बदलल्या आहेत. ते गाव मोकळं होईल त्या दिवशी दादा कोणाच्याही बापाचं न ऐकता चौकात उभा राहून त्यांचं नाव घेईल आणि मी त्याच्या शेजारी असेन.

मधुरा डॉक्टर झाली. गेल्या हिवाळ्यात एक तरुण बातमीदार तिच्यावर लिहायला घरी आला होता. ग्वाल्हेरची थंडी कडाक्याची होती, दादा माकडटोपी घालून बसला होता. मुलाने स्वयंपाकघरातली दोन घड्याळं बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "अंकल, ये दूसरी घड़ी किसकी है? इसकी तो कोई कहानी होगी?"

मी दादाकडे पाहिलं. त्याला गोष्ट सांगायला किती आवडतं, ते मला ठाऊक आहे. त्या घड्याळात दुपार होत आली होती.

"पुरानी है," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "ग़लत टाइम बताती है."

"तो उतार क्यों नहीं देते?"

काटे एकमेकांवर आले. वहिनीने लाल दोऱ्याचं पातेलं गॅसवर ठेवलं. दादा उठून उभा राहिला, त्याने डोक्यावरची माकडटोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "उतार देंगे बेटा. हळूहळू."